फेव्हरेटच्या यादीत रिफिल बदलून वापरलेलं पेन लिहिलं तर चालेल का?

पत्र:

ताई, मी सेकंड इयरला आहे, सायन्स. आमच्या क्लासच्या ग्रुपवर दर सेमिस्टर संपलं की एक गोष्ट चालते, प्रत्येकाने मागच्या तीन-चार महिन्यातल्या आपल्या दहा फेव्हरेट गोष्टी लिहायच्या आणि का आवडल्या ते पण लिहायचं. मागच्या वेळी मी टाळलं, यावेळी रविवारपर्यंत टाकायचंय. बाकीच्यांच्या याद्या बघितल्या तर हेडफोन, सीरम, मेकॅनिकल कीबोर्ड, शूज, वेबसीरिज, फिरून आलेल्या जागा असं काय काय आहे. आणि मी लिहायला बसले तर माझ्याकडे काय निघालं? एक काळं जेल पेन ज्यात मी रिफिलवर रिफिल टाकतेय, दादाचा जुना हूडी, लायब्ररीतलं खिडकीजवळचं एक टेबल आणि सेमिस्टरभर ऐकलेली एकच प्लेलिस्ट. बस, चारच. त्यात मी पैसे साठवून नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले, ते सगळ्यांना आवडतात आणि मला नाही आवडले, रूममेट फोनवर बोलते ते तसंच्या तसं ऐकू येतं, वर कान दडपल्यासारखे होतात. पण ते नाही लिहिले तर यादी फारच बिचारी दिसेल. खरं सांगू का, यादीपेक्षा मला हे जास्त लागलं की चार महिने गेले आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही. एकदा बॉटनीच्या प्रॅक्टिकलला रिओ नावाच्या झाडाच्या पानाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघताना मी एवढी रमले की बेल झाली तरी उठले नाही, पण त्याला काय फेव्हरेट म्हणायचं, ते तर सिलॅबसमध्येच आहे. मग काय लिहू? का यावेळीही टाळू?
– सेकंड इयरवाली

उत्तर:

टाळू नकोस, लिही. आणि पेन तर बिनधास्त लिही.

तुझं पत्र वाचताना मला काय दिसलं ते आधी सांगते. तू ज्या चार गोष्टी सांगितल्यास त्या चारही तू रोजच्या रोज वापरतेयस, त्यातली एकही कोणाला दाखवायची म्हणून सुचलेली नाही. आणि जी पाचवी गोष्ट तू अगदी शेवटी, जाता जाता, सिलॅबसमध्येच आहे म्हणून झटकून टाकलीस ती माझ्या मते यादीत सगळ्यात वर यायला पाहिजे. तिच्याकडे येतेच मी, पण आधी पेन.

रिफिलवर रिफिल टाकतेय असं तू लिहिलंयस, अगं याच्यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? नवीन गोष्ट आवडणं सोपं असतं, ती नवीन असते म्हणूनच निम्मी आवडते. पण संपल्यावर परत तीच आणायची, दुकानात समोर शंभर दुसरी दिसत असताना तीच मागायची, ही खरी आवड. तुझा प्रॉब्लेम पेन साधं आहे हा नाहीये, तुझा प्रॉब्लेम असा आहे की तू यादीत फक्त 'काळं जेल पेन' एवढंच लिहून थांबलीस आणि मग तुला ते बिचारं दिसायला लागलं. नुसतं नाव लिहिलं की कुठलीही गोष्ट बिचारीच दिसते, महागडा कीबोर्डसुद्धा. ग्रुपवर 'का आवडलं' पण लिहायचंय ना, मग खरी मजा तिथेच आहे.

बघ, पेनबद्दलच किती सांगता येईल. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, ती कागदावर यायला जरा दाबून लिहावं लागतं, म्हणून तीन तासाचा पेपर लिहिला की अंगठा आणि मनगट दुखतं. जेल पेनची शाई पाण्याची असते पण तिला जेलसारखं घट्ट केलेलं असतं, पेन नुसतं पडून असतं तेव्हा ती घट्ट राहते आणि टोकाची गोळी फिरायला लागली की पातळ होऊन वाहते, म्हणून न दाबता अक्षर उमटतं. तसं हे प्रकरण फार जुनं पण नाही, बॉलपेनचं पेटंट बिरो नावाच्या हंगेरियन माणसाने घेतलं १९३८ साली आणि जेल पेन बाजारात आणलं जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ साली, म्हणजे तुझ्या आई-बाबांच्या लहानपणी ते जेमतेम आलेलं असेल. आता तुझं कारण काय ते तू शोध. हात दुखत नाही म्हणून? अक्षर गडद येतं आणि रात्री रिव्हिजन करताना डोळ्याला बरं वाटतं म्हणून? का ते क्लिक करायचा आवाज आवडतो म्हणून? जे असेल ते. आणि त्याची खोडी पण लिही, शाई ओली असताना हात लागला की फराटा उठतो, रिफिल भराभर संपते. ज्या गोष्टीची खोडी आपल्याला माहीत असते आणि तरी ती सोडवत नाही तिच्याबद्दलचं लिहिणं वाचायला कोणालाही आवडतं, कारण मग कळतं की या मुलीने हे खरंच वापरलंय, नुसतं फोटो काढून ठेवलेलं नाही.

अशी एकेक गोष्ट घेऊन बसलीस ना तर चारची यादी पण भरलेली वाटेल. आणि दहाच पाहिजेत असं काही नाही. कोणी विचारलं की एवढीच का तर सांगायचं हो एवढीच. नंबर भरायला घातलेली आठवी-नववी गोष्ट लगेच ओळखू येते, तिच्यापुढे 'मस्त आहे, नक्की ट्राय करा' याच्यापलीकडे काही लिहिलेलं नसतं.

आता तरी तुला वाटत असेल की चार महिन्यात चारच कशा आठवल्या. त्याचं कारण तुझ्या आयुष्यात नाही, आठवणीच्या कामाच्या पद्धतीत आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं होतं की आपण पाठ केलेलं सुरुवातीलाच खूप वेगाने विसरतो आणि मग हळूहळू. तो प्रयोग अर्थ नसलेल्या अक्षरांवर होता, पण सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यात काय आवडलं होतं हे कोणालाही असं बसल्या बसल्या आठवत नाही, तुझ्या ग्रुपमधल्यांनाही नाही. त्यांना त्यांनी विकत घेतलेलं आठवतं कारण त्याची ऑर्डर असते, बॉक्स असतो, फोटो असतो. विकत न घेतलेल्या गोष्टींची पावती कुठेच नसते म्हणून त्या यादीतून निसटतात.

म्हणून डोक्यावर विसंबू नकोस, खुणा शोध. फोनची गॅलरी सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून वर-खाली कर, आणि फक्त फोटो नको बघूस, स्क्रीनशॉट पण बघ, आपण काय काय जपून ठेवायचं म्हणून पकडलेलं असतं ते त्यात असतं. लायब्ररीतून कुठली पुस्तकं काढलीस आणि त्यातलं कुठलं रिन्यू केलंस ते बघ. बॅग पलंगावर उलटी कर. वहीची शेवटची पानं बघ, बोअर लेक्चरमध्ये आपण तिथे काय गिरवतो, काय लिहून ठेवतो ते तिथे असतं. आणि माझ्या मते सगळ्यात कामाची जागा म्हणजे तुझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबरोबरचं चॅट, त्यात 'अगं हे बघ' किंवा 'ऐक ना' असं सर्च कर. कोणी विचारलेलं नसताना आपण दुसऱ्याला जे दाखवायला पळतो ते आपल्याला आवडलेलं असतं, आणि त्याची तारखेसकट नोंद तिथे पडून आहे. त्यात तुझा ढगांचा एखादा फोटो असेल, कुठल्यातरी प्रोफेसरचं एक वाक्य असेल, रस्त्यात दिसलेलं मांजर असेल. ते सगळं चालतं यादीत.

फक्त एक सांभाळ. फोनमधला स्क्रीन टाइम बघून यादी करू नकोस. कुठलं ॲप किती वेळ उघडं होतं एवढंच तो सांगतो, आणि वेळ गेला म्हणजे आवडलं असं नसतं हे तुला मी सांगायला नको, रील्स बघत तास गेल्यावर कसं वाटतं ते सगळ्यांना माहितीये. म्हणून दुसरी चाळणी लाव, ही गोष्ट उद्या हरवली, बंद झाली, तर मी ती परत मिळवायला उठेन का? पेन हरवलं तर तू दुपारपर्यंत नवीन आणशील. टेबलावर दुसरं कोणी बसलेलं असलं तर तुझा चेहरा पडत असणार. हूडी दादाने परत मागितला तर भांडशील. आणि हेडफोन?

हेडफोनचं आता नीट बोलूया, कारण त्याच्यामुळे तुला उगाच वाटतंय की आपलंच काहीतरी चुकतंय, सगळ्यांना आवडतात आणि मलाच नाही. असं काही नाहीये. ही सिस्टिम काम कशी करते बघ, हेडफोनच्या बाहेरचा माइक आवाज ऐकतो आणि आतला स्पीकर त्याच्या बरोब्बर उलटी लहर सोडतो, दोन्ही एकमेकांना मारतात आणि कानापर्यंत कमी पोचतं. हे सगळ्यात छान जमतं ते एकसारख्या चालणाऱ्या, खालच्या पट्टीतल्या आवाजाला, म्हणजे पंखा, एसी, बसचं किंवा विमानाचं इंजिन. माणसाचं बोलणं सारखं बदलत असतं आणि त्यातले बरेचसे आवाज वरच्या पट्टीतले असतात, तिथे ती उलटी लहर कमी पडते. उलट होतं काय की पंख्याची घरघर गेली की बोलणं जास्तच उठून ऐकू येतं. तुझ्या ज्या मित्राने हेडफोन पहिल्या नंबरला टाकलेत तो कदाचित रोज लांबून बसने येत असेल, त्याच्यासाठी ते खरंच भारी आहेत. तुझी अडचण इंजिनची नाही, रूममेटच्या फोनची आहे. आणि कान दडपल्यासारखं वाटतं ते पण अनेकांना वाटतं, तिथे हवेचा दाब काही वाढलेला नसतो, खालच्या पट्टीतले आवाज एकदम गायब झाले की तसा भास होतो. काही मॉडेलमध्ये ते कॅन्सलिंग कमी-जास्त करता येतं, ते कमी करून बघ. आणि बोलणं अडवायला फोमचे साधे इअरप्लग बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतात, मऊ असतात ते, बोटांत नीट चुरून पातळ करून घालायचे आणि कानात फुगेपर्यंत जरा धरून ठेवायचे, नुसते टोकाला अडकवले तर काही फरक पडत नाही. आणि रूममेटशी बोल गं. रात्री अमुक वाजल्यानंतर फोन बाहेर, एवढं सांगितलं तर चांगल्या मुली ऐकतात.

तर हेडफोन यादीत घालायचे नाहीत. पैसे जास्त गेले म्हणून एखादी गोष्ट फेव्हरेट होत नाही, आणि तू खोटं लिहिलंस आणि ते वाचून तुझ्यासारख्याच होस्टेलमधल्या कोणीतरी साठवलेले पैसे घालून तेच घेतले तर? मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण कॉलेजात आपण एकमेकांच्या शब्दावर कितीतरी गोष्टी घेतो. तुला वाटलं तर यादीच्या खाली एक ओळ टाक की हे घेतले, या या कारणासाठी मला जमले नाहीत, प्रवास जास्त असेल तर तुम्हाला जमतील. अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात उपयोगी ओळ तीच ठरेल बघ.

प्लेलिस्ट. तू लिहिलंस एकच प्लेलिस्ट सेमिस्टरभर, जसं काही तो आळस आहे. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते, तेव्हा थोडा भाग सवयीचा असणारच. पण मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की माणसं म्हातारपणी मागे वळून आठवतात तेव्हा साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय, आणि गाण्यांच्या बाबतीत तर फारच. तू आत्ता बरोब्बर त्या वयात आहेस. ही गाणी तुझ्याबरोबर राहणार आहेत, म्हणून नुसतं प्लेलिस्टचं नाव टाकू नकोस, त्यातलं एक गाणं निवड आणि ते कुठे, काय करताना ऐकत होतीस ते लिही, फाइल कम्प्लीट करताना की पहाटे की बसमध्ये. आणि हो, आवाजाकडे लक्ष ठेव, जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर ठीक, पण ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. तीन-तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज किती आहे ते दिसतं, एकदा बघून घे.

हूडीवर मी काही बोलत नाही, तो दादाचा आहे म्हणून आवडतो हे तुलाही माहितीये, तेवढंच लिही, पुरे आहे.

टेबल मात्र मला फार आवडलं. जागा ही पण आवडती गोष्ट असू शकते आणि त्यासाठी कुठे फिरायला जावं लागत नाही. तिथे उजेड कुठून येतो, दुपारी किती वाजता ऊन पुस्तकावर येतं आणि खुर्ची सरकवावी लागते, समोर रोज कोण बसतं ज्याचं नावही तुला माहीत नाही, हे लिही. अभ्यासाच्या दृष्टीने पण एक गंमत सांगते. गॉडन आणि बॅडली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर्सना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले, तर ज्या ठिकाणी पाठ केलं त्याच ठिकाणी ते जास्त आठवले. म्हणजे जागा पण आठवणीत शिरते. पण परीक्षा काही त्या खिडकीजवळच्या टेबलावर होत नाही ना, म्हणून रिव्हिजन अधूनमधून दुसरीकडे पण कर. १९७८ मधल्या एका प्रयोगात एकाच खोलीत दोनदा वाचलेल्यांपेक्षा दोन वेगळ्या खोल्यांत वाचलेल्यांना नंतर तिसऱ्या नव्या खोलीत जास्त आठवलं होतं. टेबलावरचं प्रेम कमी करू नकोस, फक्त त्याच्यावर सगळा भार टाकू नकोस.

आता बाकीच्यांच्या याद्या. त्यांच्याकडे बघून स्वतःला कमी समजू नकोस आणि उलट बाजूने त्यांना वरवरचे पण समजू नकोस, हे दोन्ही मोह होतात. जिने सीरम लिहिलंय तिला कदाचित दोन वर्षं पिंपल्सचा त्रास होता आणि आत्ता पहिल्यांदा ती फोटोत चेहरा झाकत नाहीये, तिच्या यादीतली ती एक ओळ तुझ्या पेनाएवढीच खरी आहे. विचार तिला, का आवडलं ते. या याद्यांमधून एकमेकांशी बोलणं सुरू होतं हा त्यांचा सगळ्यात मोठा फायदा आहे. आणि वाचून तुला एखादी गोष्ट घ्यावीशी वाटली तर थोडं थांबून घे, नवीन वस्तूचा आनंद लवकर ओसरतो. मी तर म्हणेन जी गोष्ट हातात येऊन महिनाही झाला नाही तिला फेव्हरेट म्हणूच नये, वेगळ्या कप्प्यात ठेवावं, पुढच्या सेमिस्टरला बघू म्हणून.

आता रिओची स्लाइड.

तू लिहिलंस बेल झाली तरी उठले नाही. अगं, ही गोष्ट तुझ्या पत्रातली एकमेव गोष्ट आहे जिथे तू वेळ विसरलीस. आणि तिलाच तू म्हणतेस की हिला काय फेव्हरेट म्हणायचं! सिलॅबसमध्ये आहे म्हणून? सिलॅबस कोणीतरी बसून ठरवतं तेव्हा असं काहीतरी एखाद्या मुलीला आवडावं म्हणूनच ठेवतं ना.

काय बघितलंस ते आठव. ते लांबट पान, वरून हिरवं आणि खालून जांभळं, ते मोडून खालच्या बाजूची पारदर्शक साल अलगद ओढून काढायची, फाटते, परत काढायची, मग स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ती सपाट पसरवायची, कव्हरस्लिप तिरपी धरून हळू सोडायची म्हणजे बुडबुडे येत नाहीत. मग फोकस करता करता आधी नुसता जांभळट धूर आणि मग एकदम त्या पेशी, एकाला एक चिकटून, फरशा बसवल्यासारख्या, आणि मधेमधे हिरवी पर्णरंध्रं. बहुतेक तुम्हाला प्लाझ्मोलिसिस दाखवलं असणार, म्हणजे बाजूने मिठाचं पाणी सोडायचं आणि टिपकागदाने दुसऱ्या बाजूने ओढून घ्यायचं, मग पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि तो जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत आत आकसत जातो, तुझ्या डोळ्यांसमोर. परत साधं पाणी सोडलं आणि पेशी मेलेली नसली तर तो पुन्हा फुगून भिंतीला लागतो. हे बघताना बेल ऐकू न येणं मला तरी अगदी समजण्यासारखं वाटतं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पेशी बघितल्या त्या रिकाम्या खोक्यांसारख्या होत्या, नुसत्या भिंती. तू बघितलीस ती जिवंत, पाणी आत-बाहेर करणारी पेशी.

ही यादीत पहिली लिही. कसं लिहायचं म्हणशील तर साधं, कुठला दिवस होता, शेजारी कोण होतं, आधी काय दिसलं, मग काय झालं, आणि बेल झाल्यावर लॅबमधल्या मामांनी काय म्हटलं. 'मला विज्ञानाची आवड निर्माण झाली' असली वाक्यं नको. नुसतं जे दिसलं तेच लिही, आवड आपोआप कळते. फोटो काढला असशील मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला टेकवून तर तो पण टाक. आणि तुला मनापासून सांगते, यादी झाली की बॉटनीच्या मॅडमना किंवा सरांना भेट, म्हण की मला अजून स्लाइड्स बघायच्या आहेत, प्रॅक्टिकल नसेल त्या वेळी लॅबमध्ये बसू देता का. शिकवणाऱ्या माणसाला असं कोणी विचारलं की फार बरं वाटतं, बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर महिन्याभराने परत विचार.

आणि चार महिन्यात सांगण्यासारखं काहीच नाही हे जे तुला लागलंय त्याबद्दल. तुझं सेमिस्टर संपलं कसं? सबमिशन, जर्नलवर सह्या, परीक्षा, जागरण. कानेमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग आहे, लोकांना एकदा थंडगार पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला, दुसऱ्यांदा तसंच एक मिनिट आणि वर अर्धा मिनिट, पण त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित कमी गार. परत करायचं झालं तर कुठलं कराल असं विचारलं तर जास्त लोकांनी लांबवलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. म्हणजे पूर्ण काळ कसा गेला ते आपण शेवटावरून आणि सगळ्यात तीव्र क्षणावरून ठरवतो. तुझा शेवट दमवणारा होता म्हणून तुला आख्खे चार महिने तसेच दिसतायत. थकलेल्या आठवड्यात मागच्या महिन्यांचा हिशोब करू नये, आधी झोप काढ, दोन-तीन दिवस नीट झोप, आणि मग गॅलरी उघड. झोपूनही, सुट्टी लागूनही काहीच आवडेनासं वाटलं, आधी आवडणाऱ्या गोष्टी पण नकोशा वाटल्या आणि असं दोन आठवडे चाललं तर मात्र यादी राहू दे बाजूला, घरच्यांशी किंवा कॉलेजच्या समुपदेशकांशी बोल, त्यात काही कमीपणा नाही. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, स्लाइडबद्दल लिहिताना तुझं वाक्य धावलंय, पण तुझं तुला जास्त कळेल.

पुढच्या सेमिस्टरसाठी फोनमध्ये एक नोट करून ठेव, आठवड्यातून एकदा एक ओळ, या आठवड्यात काय आवडलं. रोज लिहायला जाऊ नकोस, चार दिवसांत सुटतं. एखाद्या आठवड्यात काही नसलं तर रिकामं सोड.

रविवारपर्यंत वेळ आहे ना, मग शनिवारी लिहून ठेव आणि रविवारी सकाळी परत वाचून जी ओळ तुला स्वतःला वाचायचा कंटाळा येईल ती काढ. आणि हेडफोन कोणाला देणार असशील किंवा विकणार असशील तर आधी तुझ्या फोनमधून त्याचं पेअरिंग काढ आणि रिसेट करून दे, नाहीतर तुझं ब्लूटूथ चालू झालं की ते परत तुझ्याच फोनला जोडले जातील आणि नवीन मालक वैतागेल.